पाइपचे टेपर (निमुळते) आटे पाडायचे, तर ड्रिल कितीचं घ्यावं?

अर्धा इंची टॅप (भोकात आटे कापायचं हत्यार) आहे म्हणून अर्ध्या इंचाचं, म्हणजे १२.७ मि.मी.चं ड्रिल चालवलं, तर टॅप भोकात शिरणारसुद्धा नाही. पाइपच्या आट्यांचं नाव पाइपच्या आतल्या व्यासावरून पडलेलं आहे. अर्धा इंची बीएसपी (ब्रिटिश स्टँडर्ड पाइप) आट्यांचा बाहेरचा व्यास प्रत्यक्षात २०.९५५ मि.मी. असतो. हे बहुतेकांना ठाऊक असतं. गडबड होते ती पुढे. बोल्टच्या आट्यांचा हिशोब, म्हणजे बाहेरचा व्यास वजा पिच (लगतच्या दोन आट्यांमधलं अंतर), इथे लावला की २०.९५५ मधून १.८१४ जाऊन १९.१४ उरतात आणि १९ चं ड्रिल लावलं जातं. समांतर आट्यांना ते बरोबर आहे. टेपरला ते मोठं होतं.

आधी टॅपच्या दांड्यावरचा शिक्का वाचा. ‘जी’ म्हणजे समांतर, ‘आरसी’ किंवा ‘बीएसपीटी’ म्हणजे ५५ अंशांचे (आट्याच्या दोन बाजूंमधला कोन) टेपर आटे, ‘एनपीटी’ म्हणजे ६० अंशांचे अमेरिकन. शिक्का पुसला असेल तर पिच गेज (आटे मोजायची दातेरी पट्टी) लावा. पाव इंचाला बीएसपीचे इंचामागे १९ आटे, एनपीटीचे १८. अर्धा आणि पाऊण इंचात मात्र दोन्हीकडे १४ च, त्यामुळे तिथे कोनच पाहावा लागतो. या दोन मापांत एकाचं फिटिंग दुसऱ्यात जातं, घट्टही बसतं आणि गळतं.

रीमर (भोक तासून मापात आणायचं हत्यार) न लावता सरळ भोकात बीएसपीटी टॅप मारायचा असेल, तर ड्रिल असं घ्या (मि.मी.मध्ये):

एक सूत (१/८ इंच) – ८.४
पाव इंच – ११.२
तीन सूत (३/८ इंच) – १४.७५
अर्धा इंच – १८.२५
पाऊण इंच – २३.७५
एक इंच – ३०

एनपीटीचा पाव इंच ७/१६ इंची ड्रिलने होतो, अर्धा इंच २३/३२ ने, पाऊण ५९/६४ ने.

हे आकडे म्हणजे एक तडजोड आहे, हे लक्षात असलं की ड्रिल निवडणं सोपं जातं. टेपर १:१६ चा असतो, म्हणजे १६ मि.मी. खोलीत व्यास १ मि.मी.ने घटतो. अर्धा इंचात तोंडाशी आट्यांचा आतला व्यास १८.६३ पाहिजे, ८ मि.मी. आत १८.१३. भोक मात्र सरळ. १८.२५ चं ड्रिल घेतलं तर तोंडाशी टॅपला जास्तीची धातू कापावी लागते, साधारण ६ मि.मी. आत हिशोब जुळतो आणि त्यापुढे आट्यांचे माथे किंचित बोथट राहतात. तरीही ८ मि.मी.वर आट्याची उंची पूर्ण उंचीच्या ९५ टक्के भरते. १९ च्या भोकात तीच ६३ टक्क्यांवर येते, आणि पाण्याचा दाब अडवायचा असतो तो याच भागात.

१८.२५ मिळालं नाही तर स्टीलमध्ये १८.५ घ्या, ८ मि.मी.वर ८४ टक्के उंची मिळते आणि टॅपवरचा ताणही कमी होतो. बीड (ओतीव लोखंड) किंवा ॲल्युमिनियममध्ये १८ चालतं. जास्त दाबाच्या कामाला किंवा चिवट स्टीलला १७.७५ ने भोक पाडून १:१६ चा टेपर रीमर फिरवणं उत्तम.

भोक पाडताना ८ चं ड्रिल आधी चालवा, मग मोठं. धार दोन्ही बाजूंना सारखी नसेल तर १८.२५ चं ड्रिल सहज १८.५ चं भोक पाडतं, म्हणून भंगार तुकड्यावर पाडून व्हर्नियरने मोजा. भोक आरपार नसेल तर अर्धा इंचासाठी निदान २२ ते २५ मि.मी. खोल जा, नाहीतर टॅपचं टोक तळाला टेकतं.

टॅप गुण्यात धरा. स्टीलला कटिंग ऑइल, ॲल्युमिनियमला रॉकेल. बीड कोरडंच कापलं जातं. टेपर टॅपचे शिरलेले सगळे दात कापत असतात, त्यामुळे जितकं आत जाल तितका जोर वाढतो. अर्धा फेरा पुढे, पाव मागे, असं चीप तोडत चला. जड झाल्यावर रेटू नका; टॅप बाहेर काढून भोक साफ करा.

थांबायचं कधी? प्लग गेज (भोकातले आटे तपासायचं माप) नसेल तर ज्या फिटिंगसाठी काम चाललंय तेच हाताने लावून पाहा. अर्धा इंची फिटिंग हाताने सुमारे साडेचार फेरे जाऊन अडलं पाहिजे. पुढचे दीड-दोन फेरे पान्याने. तिसऱ्याच फेऱ्यात अडलं तर टॅप अर्धा-एक फेरा आणखी आत न्या आणि पुन्हा लावून पाहा. सात फेरे हातानेच गेलं तर टॅप फार खोल उतरला आहे. त्या भोकाला टेफ्लॉन टेप कितीही गुंडाळली तरी भरवसा नाही. जागा असेल तर पाऊण इंचाला वाढवा.