चिंध्यांची वाकळ शिवताना या चुका टाळा

दर पावसाळ्यात कोणी ना कोणी साठवलेल्या तुकड्यांचे गाठोडे घेऊन माझ्या दारात उभे राहते आणि वाकळ कशी शिवायची ते शिकवा म्हणते. गाठोडे सोडताक्षणी माझ्या लक्षात येते की या बाईंनी तुकड्यांचे रंग पाहिले आहेत, कापड पाहिलेले नाही. शहरात आता सगळे गोधडी म्हणतात, पण आमच्या कोल्हापूरकडचा शब्द वाकळ, म्हणून मी तोच वापरते. वाकळीचे बहुतेक बिघाड टाक्यात नसतात. सुईत दोरा ओवण्याआधी तुकडे निवडण्यात जो आळस झालेला असतो, त्यात ते असतात.

कोरे तुकडे न धुता जोडणे

ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की आता समोरच्याने तुकडे धुतले आहेत असे सांगितले तरी मी ते हातात घेऊन वास घेते. इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग आला आणि तेव्हापासून हा सगळा परिसर कापडावर जगत आला, तरी कोऱ्या कापडात खळ असते हे इथल्याच घरांतून सांगावे लागते. ताण्याचे सूत मागावर तुटू नये म्हणून त्याला खळ देतात, सायझिंग म्हणतात ते हेच. पहिल्या धुण्यात खळ निघून जाते, मागावर ताणलेले सूत सैल पडते आणि सुती कापड साधारणपणे शेकडा तीन ते पाच आटते. साठ इंच लांबीच्या वाकळीत हा फरक दोन-तीन इंचांचा होतो. वरचे तुकडे जुन्या, शंभरदा धुतलेल्या साडीचे आणि खालचे अस्तर कोऱ्या मांजरपाटाचे असेल, तर अस्तर आटते, वरचे कापड तसेच राहते आणि सगळी वाकळ वाळलेल्या पापडासारखी वाकडी होते.

रंगाची गोष्ट याहून वाईट. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका बाईंनी चार महिने खपून पांढऱ्या-पिवळ्या तुकड्यांची सुरेख वाकळ शिवली आणि उठाव यावा म्हणून मध्यभागी लाल खणाची चार कात्रणे बसवली. खण धुऊन घ्या असे मी दोनदा सांगितले होते, पण नव्या कापडाची चकाकी जाईल म्हणून त्यांनी ते ऐकले नाही. घटस्थापनेच्या आधीच्या आठवड्यात आमच्याकडे घरातले सगळे अंथरूण-पांघरूण धुवायचे असते आणि पंचगंगेच्या घाटावर पाय ठेवायला जागा नसते. त्याच गर्दीत त्यांनी ती वाकळ पहिल्यांदा पाण्यात घातली. भिजलेली वाकळ एकटीने उचलवत नाही, त्यामुळे तिघींनी मिळून ती बाहेर काढेपर्यंत लाल रंग पांढऱ्या तुकड्यांतून अस्तरापर्यंत उतरला होता. तेव्हाच ती पुन्हा भरपूर पाण्यात घालून, रंग यायचा थांबेपर्यंत पाणी बदलत राहिले असते, तर बरीचशी वाचली असती. त्याऐवजी कोणीतरी मिठाचा सल्ला दिला, यांनी मीठ चोळून वाकळ कडक उन्हात वाळवली आणि वर इस्त्री फिरवली. वाळवून इस्त्री केलेला डाग सहसा निघत नाही. शेवटी गडद कापडाची अकरा ठिगळे लावूनही ती काही पाहण्यासारखी झाली नाही. आता ती त्यांच्या दुचाकीवर पांघरलेली असते.

मीठ आणि तुरटी यांविषयी एकदाच सांगते. नैसर्गिक रंगाने कापड रंगवताना, रंग धाग्याला धरावा म्हणून तुरटी वापरतात आणि कारखान्यात रंगवताना मिठाचाही उपयोग होतो. पण बाजारातून रंगवून आलेल्या कापडाचा कच्चा रंग घरच्या बादलीत मीठ टाकून पक्का होत नाही. माझी रीत साधी आहे. प्रत्येक गडद तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यावर ठेवते आणि वरून गरम इस्त्री दाबते. फडक्यावर रंग उतरला, तर तो तुकडा पुन्हा धुते. तीन धुण्यांनंतरही उतरत असेल, तर त्याचे पायपुसणे करते, मग तो खण कितीही सुंदर असो.

विरलेल्या कापडाला नव्याच्या शेजारी बसवणे

यात मीही एकदा फसले आहे. आई गेल्यावर तिच्या एका लुगड्याचे तुकडे मी हौसेने वाकळीच्या वरच्या थरात घेतले आणि त्यांच्या बाजूला पॉपलिनची ठसठशीत नवी कात्रणे लावली. वर्षाच्या आत लुगड्याचे तुकडे शिवणीला लागून फाटले, पॉपलिन मात्र जसेच्या तसे राहिले. दोन कापडांपैकी एक घट्ट आणि एक विरलेले असले की ओढ नेहमी विरलेल्यावर येते, आणि दोरा चिवट असेल तर तोच त्याला कापत जातो.

तेव्हापासून मी प्रत्येक जुना तुकडा खिडकीच्या उजेडात धरून पाहते आणि दोन्ही अंगठ्यांनी उभा-आडवा ताणते. चर्र असा आवाज आला की तो तुकडा आतल्या थरात जातो. विरलेले कापड आत घालण्यात काही कमीपणा नाही, वाकळीची ऊब आणि मऊपणा त्याच्यामुळेच येतो. नऊवारी लुगडे सगळीकडे सारखे विरत नाही. बसण्याच्या जागेचे कापड आधी जाते, काठ आणि पदर बराच काळ टिकतात, म्हणून आठवणीसाठी काही वर दिसावे असे वाटत असेल, तर काठ घ्यावा. मधलाच भाग हवा असेल, तर त्याच्या मागे मलमल लावून मग जोडावा. पूर्ण लुगडे वर पसरून फोटो काढण्याची घाई असणाऱ्यांना मी हे सांगत नाही, कारण त्यांना वाकळ पांघरायचीच नसते.

बाकीच्या चुकांना इतकी जागा देण्याची गरज नाही.

ब्लाऊजच्या मुंढ्याची कात्रणे उरेब, म्हणजे सुताला तिरकी कापलेली असतात आणि ओढली की ताणतात, त्यामुळे ती काठाला लावू नयेत. लावायचीच असतील, तर आधी खळ देऊन इस्त्री करावी.

शिवणीसाठी माया, म्हणजे टाक्याबाहेरचे जास्तीचे कापड, सोडताना अंदाजावर जाऊ नये. एका जोडात पाव सेंटीमीटरचा फरक पडला, तर बारा जोडांच्या पट्टीत तो तीन सेंटीमीटर होतो आणि मग पट्ट्या जुळत नाहीत म्हणून कात्रीला दोष दिला जातो. मी पाव इंच माया धरते, सैल विणीच्या कापडाला अर्धा इंच.

काठापासून आत फिरत धावदोरा घालताना मध्यभागी फुगा येतो, अशी तक्रार बहुतेक नवशिक्यांची असते. थर आधी मध्यापासून बाहेरच्या दिशेने लांब कच्च्या टाक्यांनी टाचून घेतलेले नसतात, एवढेच त्याचे कारण. फुगा आला की तो हाताने दाबून पुढे शिवत राहू नये, तेवढा भाग उसवावा. मशीनवर जाड थर शिवताना टाके सुटत असतील, तर सोळा नंबरची सुई लावावी आणि हाताने कापड ओढू नये.

गरम भांडी उतरवण्याची फडकी शिवताना मात्र कोणतीही सवलत नाही. पॉलिएस्टर तापले की वितळून हाताला चिकटते. तुकडा कशाचा आहे हे कळत नसेल, तर त्याचा एक धागा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर जाळून पाहावा. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि मऊ राख होते, पॉलिएस्टर आकसून त्याचा कडक मणी होतो. मणी झालेले सगळे तुकडे मी भाजीच्या पिशव्यांसाठी वेगळे ठेवते, कारण तिथे ते सुतीपेक्षा लवकर वाळतात.

उशीत चिंध्या भरायच्या असतील, तर त्या आतल्या वेगळ्या खोळीत भराव्यात आणि धुताना ती खोळ रिकामी करावी. आपल्याकडच्या जुलैत भिजलेली चिंध्यांची उशी वाळत नाही, कुजते. तुकडे साठवण्यासाठीही प्लॅस्टिकची पिशवी नको, कारण त्यात दमट कापडाला बुरशी धरते. जुन्या सुती साडीचे गाठोडे बांधावे, आत वेखंडाचे दोन तुकडे ठेवावेत आणि दसऱ्याच्या सुमारास ते उन्हात उघडावे. त्याच वेळी दोन बोटांहून अरुंद असलेली कात्रणे मी बाजूला काढते आणि मशीनचे तेल पुसायला ठेवते, आणि ज्यांचा एकही कोपरा सरळ नाही ती टाकून देते.