जुनी स्कॉर्पिओ घेताय? मग एमहॉक इंजिन असं तपासा

सेकंडहँड स्कॉर्पिओ बघायला गेलं की लोक आधी टायर बघतात, पेंट बघतात, सीट कव्हर बघतात, आणि इंजिनचं काय तर चावी मारून दोनदा रेस द्यायची, "आवाज भारी आहे" म्हणायचं आणि टोकन देऊन मोकळं व्हायचं. असं करू नका राव. एमहॉक हे स्कॉर्पिओतलं महिंद्राचं डिझेल इंजिन, मुळात दणकट आहे, खालचा भाग म्हणजे क्रँक, पिस्टन, ब्लॉक सहसा त्रास देत नाही, ऑइल वेळेवर बदललेली गाडी दोन-तीन लाख किलोमीटर आरामात जाते. त्रास होतो तो वरच्या गोष्टींचा, हवेचे पाइप, व्हॅक्युमच्या नळ्या, काजळी, आणि ऑइल. आणि नेमकं याच छोट्या गोष्टींपायी लोकांचे चांगले टर्बो आणि चांगले इंजेक्टर बदलले जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

आधी तुमच्यासमोरची गाडी नक्की कुठली आहे ते ओळखा, कारण सगळ्या स्कॉर्पिओत एमहॉक नसतं. २००२ ला गाडी आली तेव्हा २.६ लिटरचं इंजिन होतं, एमहॉक आलं २००८ मध्ये. ते २१७९ सीसी, चार सिलिंडर, १६ व्हॉल्व्ह, कॉमन रेल (म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या पाइपातून डिझेल), बोअर ८५ आणि स्ट्रोक ९६ मिलिमीटर. ऑस्ट्रियाच्या एव्हीएल या इंजिन डिझाइन करणाऱ्या कंपनीची मदत घेऊन महिंद्राने ते बनवलं आणि उत्पादन आपल्या इगतपुरीला. पॉवर १२० बीएचपी आणि टॉर्क २९० एनएम, २०१४ च्या नवीन तोंडाच्या गाडीत टॉर्कचा आकडा २८० झाला, मग २०१७ ला वरच्या मॉडेलना १४० बीएचपी आणि ३२० एनएम मिळालं. पण एस २, एस ३ सारख्या खालच्या मॉडेलमध्ये २.५ लिटरचं ७५ बीएचपीचं जुनं एमटूडीआयसीआर नावाचं डिझेल इंजिन असायचं, गाडी बाहेरून तीच दिसते आणि बरेच एजंट तिलाही "एमहॉक आहे" म्हणून सांगतात. २०२२ ची क्लासिक आली तिच्यात परत वेगळं, ॲल्युमिनियमचं दुसऱ्या पिढीचं एमहॉक, १३२ पीएस आणि ३०० एनएम, कंपनीच्या म्हणण्यानुसार जुन्यापेक्षा ५५ किलो हलकं.

आणखी एक भानगड दिल्लीच्या गाड्यांची. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंधनं आली तशा त्या स्वस्तात आपल्याकडे यायला लागल्या. डिसेंबर २०१५ ते ऑगस्ट २०१६ या काळात सुप्रीम कोर्टाने दिल्ली एनसीआरमध्ये २००० सीसी आणि त्यावरच्या डिझेल गाड्यांची नोंदणी बंद केली होती, तेव्हा महिंद्राने १.९९ लिटरचं एमहॉक काढलं. तशी गाडी वाईट नाही, पण आतले काही पार्ट २.२ पेक्षा वेगळे, म्हणून आरसीवर सीसी किती लिहिलंय ते वाचा आणि पार्ट मागवताना चेसिस नंबर देऊनच मागवा. चेसिस नंबर घेतलाच आहे तर सर्व्हिस सेंटरला देऊन एखादा रिकॉल बाकी आहे का तेही विचारून घ्या. मे २०१२ ते नोव्हेंबर २०१३ मध्ये बनलेल्या स्कॉर्पिओ ईएक्स गाड्यांना २०१४ साली प्रेशर रेग्युलेटिंग व्हॉल्व्ह (दाब नियंत्रित करणारा व्हॉल्व्ह) बदलायला बोलावलं होतं. फुकट काम आहे, विचारायला काय जातंय.

आता प्रत्यक्ष तपासणी. पहिली अट, इंजिन थंड पाहिजे. मालकाला आदल्या दिवशीच सांगा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका, आणि गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवून बघा. गरम लागलं तर त्या दिवशी तपासणी सोडा, दुसऱ्या दिवशी या, कारण थंड इंजिन जे सांगतं ते गरम इंजिन लपवतं. चालू करायच्या आधी डीपस्टिक काढा. ऑइल काळं असणारच, डिझेल आहे, काळं म्हणजे खराब असं नाही. लेव्हल बघा. मिनिममच्या खाली असेल तर मालक लक्ष देत नव्हता. मॅक्सिममच्या वर असेल आणि वासाला डिझेल येत असेल तर इंजेक्टरमधून डिझेल खाली उतरतंय किंवा बीएस ६ गाडी असेल तर डीपीएफच्या (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) रिजनरेशनमुळे, म्हणजे साचलेली काजळी जाळताना, ऑइलमध्ये डिझेल मिसळलंय. मग कूलंटची टाकी उघडा, फक्त थंड असतानाच हां. रंगीत आणि स्वच्छ पाहिजे. नुसतं पाणी भरलेलं असेल, गंजासारखं दिसत असेल किंवा वर तेलकट थर असेल तर मला वाटतं तिथूनच नमस्कार करून निघा.

मग कोणाला तरी चावी मारायला सांगा आणि तुम्ही बॉनेटपाशी थांबा. या इंजिनला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, ठरावीक किलोमीटरला बदलायचा खर्च नाही ही जमेची बाजू, पण ऑइल बदलण्यात चालढकल झाली असेल तर चेनचा टेन्शनर ढिला पडतो आणि थंड स्टार्टला पुढच्या बाजूने खळखळ ऐकू येते. एक-दोन सेकंदात थांबली तर ठीक, चालूच राहिली तर काम निघणार. उशिरा स्टार्ट होऊन पांढरा धूर आला आणि मिनिटभर इंजिन थरथरलं तर ग्लो प्लग (थंड इंजिन चालू होताना सिलिंडर गरम करणारे प्लग) बघायचे. गरम झाल्यावरही पांढरा धूर आणि कूलंट कमी होतंय पण गळती कुठेच दिसत नाही, तर ईजीआर कूलर (इंजिनात परत जाणारा जळलेला धूर थंड करणारा भाग) किंवा हेड गॅस्केटचा संशय घ्या. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर हा एमहॉकचा सगळ्यात कॉमन आजार आणि त्याची कारणं बहुतेक वेळा स्वस्तातली असतात, ते खाली सांगतो.

इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण ढिलं करा. थोडा धूर, थोडा दाब चालतो. झाकण उडायला लागलं आणि धुराचे लोट आले तर कॉम्प्रेशन खाली गळतंय, म्हणजे पिस्टनच्या रिंगांचं काम, आणि ते काम मोठं. ही गाडी सोडा, दुसरी बघा, बाजारात स्कॉर्पिओ ढीगभर आहेत.

आता टर्बो, आणि इथे जरा नीट लक्ष द्या. या इंजिनला व्हीजीटी टर्बो आहे, म्हणजे आतल्या पात्यांचा कोन बदलतो आणि कमी आरपीएमलाही ओढ मिळते. जुन्या गाड्यांमध्ये ही पाती हलवायचं काम व्हॅक्युमवर चालतं. पंपातून बारीक रबरी नळ्या सोलेनॉइडकडे (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) आणि तिथून टर्बोच्या ॲक्च्युएटरकडे (पाती हलवणारा भाग) जातात. या नळ्या उष्णतेने कडक होतात, चिरतात, कधी उंदीर कुरतडतात, आणि मग गाडी दोन हजार आरपीएमच्या खाली मेल्यासारखी चालते, किंवा चढावर अचानक लिंप मोडला जाते, म्हणजे इंजिन वाचवायला गाडी स्वतःच ताकद कमी करते, आणि बंद करून परत चालू केली की ठीक होते. गॅरेजमध्ये नेली की पहिलं वाक्य "साहेब टर्बो गेला". थांबा. एकाला स्टार्ट मारायला सांगा आणि ॲक्च्युएटरचा दांडा बघा, इंजिन चालू झाल्यावर तो खेचला जायला पाहिजे आणि बंद केल्यावर परत यायला पाहिजे. हललाच नाही तर आधी नळ्या, मग सोलेनॉइड, मग व्हॅक्युम पंप. ब्रेक पेडलही जड लागत असेल तर पंपाकडे बोट दाखवा, कारण ब्रेक बूस्टरलाही व्हॅक्युम तोच पुरवतो. नळीचा खर्च टर्बोच्या मानाने काहीच नाही.

नळ्या ठीक निघाल्या तर इंटरकूलरचे होज. हे क्लॅम्पच्या खाली चिरतात म्हणून वरून दिसत नाहीत. हाताने दाबून, वाकवून बघा, बाहेरून तेलकट आणि धूळ चिकटलेली जागा दिसली की तिथेच गळती. चालवताना रेस दिली की फुस्स असा आवाज, मागे काळा धूर आणि पिकअप गायब, तर शंभरातल्या नव्वद वेळा होजच. होजच्या आत ऑइलचा पातळ थर असणं नॉर्मल आहे, पण ऑइल साचून ओघळत असेल आणि टर्बोचा शाफ्ट हाताने हलवल्यावर पातं बाजूच्या भिंतीला घासत असेल, तेव्हा मात्र टर्बो खरंच गेला म्हणायचा. तेव्हाही टर्बो का गेला ते शोधल्याशिवाय नवीन बसवू नका. टर्बोला ऑइल नेणाऱ्या पाइपात जळलेल्या ऑइलचा चिकटा बसलेला असतो, तो पाइप साफ न करता किंवा न बदलता नवा टर्बो बसवला की तोही थोड्याच दिवसात जातो आणि मग नाव इंजिनचं खराब होतं.

काळ्या धुराचं तिसरं कारण ईजीआर. जळलेला धूर परत आत घेतात तिथे काजळी साचते, व्हॉल्व्ह अर्धा उघडा अडकतो. जी गाडी कायम शहरात, सिग्नलला, दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत चालली तिला हे हमखास, हायवेवाल्या गाडीला कमी. साफ करून घेतला की गाडी परत मोकळी होते. बरेच जण तो ब्लॉक करून टाकतात, बीएस ६ वाले तर डीपीएफच काढून टाकतात, हे बेकायदेशीर आहे, घेऊ नका अशी गाडी.

इंजेक्टरचं म्हणाल तर या सिस्टीममध्ये प्रेशर हजार बारच्याही वर जातं, म्हणून चालू इंजिनवर लाइन ढिली करून "कुठला सिलिंडर मारत नाही" बघणारा मेकॅनिक दिसला तर त्याला लगेच थांबवा, ती धार कातडीत घुसते. स्कॅनर लावा, रेल प्रेशर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब) बघा, रिटर्न लीक टेस्ट (कुठल्या इंजेक्टरमधून किती डिझेल परत जातं ते) करा. इंजेक्टर खराब होण्यामागे बहुतेकदा पाणी किंवा घाण असलेलं डिझेल असतं, त्यामुळे मालकाला फ्युएल फिल्टर कधी बदलला ते विचारा, बिल मागा. नवा इंजेक्टर बसवल्यावर त्याचा कोड ईसीयूमध्ये (इंजिनचा कॉम्प्युटर) टाकावा लागतो, तो टाकलाच नसेल तर आयडलिंग वेडंवाकडं राहतं.

आता चालवून बघा, आणि सपाट रस्त्यावर नको, घाट गाठा. नाशिककडचे असाल तर कसारा, साताऱ्याकडचे असाल तर खंबाटकी. चौथ्या गिअरला दोन हजारच्या आसपास आरपीएम ठेवून पाय हळूहळू दाबत न्या, ओढ सलग यायला पाहिजे, मध्येच खड्डा नको. आरपीएम चढतोय पण स्पीड वाढत नाही तर क्लच संपलाय, आणि स्कॉर्पिओत क्लचचं काम स्वस्त नाही. टेम्परेचरचा काटा घाटभर मध्यावरच राहिला पाहिजे. वर पोचल्यावर थांबून टाकीत बुडबुडे येतात का बघा, झाकण न उघडता.

हे सगळं पास झालं तर घ्या गाडी. घेतल्यावर मात्र जुन्या मालकाच्या शब्दावर जाऊ नका, पहिल्याच आठवड्यात ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, फ्युएल फिल्टर सगळं बदला, ग्रेड मॅन्युअलमध्ये लिहिलाय तोच, आणि व्हॅक्युमच्या सगळ्या नळ्या एकदम नवीन टाकून घ्या, एकेक करत बसू नका. पुढे धुळीत, लोड भरून, घाटात चालवणार असाल तर ऑइल कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरच्या थोडं आधीच बदला. सकाळी स्टार्ट केल्या केल्या रेस मारू नका. घाट चढून आल्यावर लगेच चावी फिरवू नका, मिनिटभर आयडलला राहू द्या, टर्बोच्या बेअरिंगमध्ये तेवढ्यात ऑइल फिरून ते थंड होतं.