इंग्रजी वाक्यात ‘रीडिंग’ लिहावे की ‘टू रीड’, हे कसे ठरवावे

‘वाचायला आवडते’, ‘वाचायला शिकलो’ आणि ‘वाचायला आलो’ या तिन्ही ठिकाणी मराठीत एकच रूप चालते. इंग्रजीत मात्र ‘आय एन्जॉय रीडिंग’ असे म्हणावे लागते आणि ‘आय लर्न्ड टू रीड’ असेही. यांपैकी ‘रीडिंग’ हे नामासारखे वापरले जाणारे रूप म्हणजे जेरंड आणि ‘टू रीड’ हे रूप म्हणजे इन्फिनिटिव्ह. कोणते रूप घ्यायचे हे बहुतेक वेळा त्या क्रियेवरून ठरत नाही, तर तिच्या आधी आलेल्या शब्दावरून ठरते. म्हणून वाक्य मनात मराठीतून जुळवण्यापेक्षा नजर आधीच्या शब्दावर ठेवावी.

प्रथम आधीचा शब्द शब्दयोगी अव्यय, म्हणजे प्रिपोझिशन, आहे का ते पाहावे. ‘इन’, ‘ॲट’, ‘ऑफ’, ‘फॉर’, ‘विदाऊट’, ‘आफ्टर’ यांच्यानंतर क्रियापद आले तर जेरंडच घ्यावा: ‘शी इज गुड ॲट ड्रॉइंग’, ‘ही लेफ्ट विदाऊट सेइंग एनिथिंग’. ‘बट’ आणि ‘एक्सेप्ट’ सोडले, तर हा नियम सहसा मोडत नाही. खरी अडचण ‘टू’ची असते, कारण तो कधी इन्फिनिटिव्हचा भाग असतो, तर कधी स्वतंत्र प्रिपोझिशन. अशा वेळी ‘टू’नंतर ‘इट’ (‘ते’ या अर्थाचे सर्वनाम, ‘खाणे’ नव्हे) ठेवून पाहावे. ‘आय लुक फॉरवर्ड टू इट’ हे वाक्य जुळते, म्हणून ‘आय लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू’ बरोबर आहे; ‘आय वॉन्ट टू इट’ जुळत नाही, म्हणून तेथे ‘टू मीट’ हवे. याच कसोटीने ‘आय यूज्ड टू ड्राइव्ह’ (पूर्वी मी गाडी चालवत असे) आणि ‘आय ॲम यूज्ड टू ड्रायव्हिंग’ (मला गाडी चालवण्याची सवय आहे) यांतील फरकही उलगडतो.

प्रिपोझिशन नसेल, तर आधीचे क्रियापद पाहावे. ‘एन्जॉय’, ‘अव्हॉइड’, ‘फिनिश’, ‘ॲडमिट’, ‘डिनाय’, ‘सजेस्ट’ यांच्यानंतर जेरंड येतो; ‘वॉन्ट’, ‘होप’, ‘डिसाइड’, ‘प्रॉमिस’, ‘ॲग्री’, ‘रिफ्यूज’ यांच्यानंतर इन्फिनिटिव्ह. यामागे एक ढोबळ कल असा आहे, की जेरंड घडलेल्या किंवा अनुभवलेल्या गोष्टीकडे झुकतो आणि इन्फिनिटिव्ह पुढे करायच्या गोष्टीकडे. कबुली झालेल्या कृत्याची दिली जाते, वचन व्हायच्या कृत्याचे दिले जाते. अर्थात ‘सजेस्ट’ पुढच्या गोष्टीविषयी असूनही जेरंड घेते, म्हणून या कलाला नियम समजू नये. ‘सजेस्ट टू गो’ ही चूक तर चांगले इंग्रजी लिहिणाऱ्यांकडूनही होते.

काही क्रियापदे दोन्ही रूपे घेतात, पण अर्थ बदलतो. माझ्या मते सगळ्यांत जास्त वेळ येथेच द्यावा, कारण वाक्य व्याकरणात बसते आणि तरीही भलतेच सांगून जाते. ‘ही स्टॉप्ड स्मोकिंग’ म्हणजे त्याने धूम्रपान सोडले. ‘ही स्टॉप्ड टू स्मोक’ म्हणजे धूम्रपान करण्यासाठी तो थांबला. ‘आय रिमेंबर लॉकिंग द डोअर’ यात दार लावल्याची आठवण आहे, तर ‘रिमेंबर टू लॉक द डोअर’ ही दार लावायला विसरू नको अशी सूचना आहे, ‘फर्गेट’चेही असेच. ‘ट्राय टू ओपन द विंडो’ म्हटले की खिडकी उघडण्याची खटपट अभिप्रेत असते, पण ‘ट्राय ओपनिंग द विंडो’ म्हणजे खिडकी उघडून काही फरक पडतो का ते बघ. ‘रिग्रेट’ जेरंडसह आले, तर केल्याचा पश्चात्ताप व्यक्त होतो. ‘वी रिग्रेट टू इन्फॉर्म यू’ हा मात्र अप्रिय बातमी देण्याआधीचा औपचारिक शिष्टाचार असतो. याउलट ‘स्टार्ट’, ‘बिगिन’ आणि ‘कंटिन्यू’ यांच्या बाबतीत फार विचार करण्याचे कारण नाही. फक्त ‘इट इज बिगिनिंग रेनिंग’ असे दोन ‘इंग’ लागोपाठ न आणता ‘इट इज बिगिनिंग टू रेन’ म्हणावे.

हेतू सांगायचा असेल, तर इन्फिनिटिव्ह वापरावा. ‘भेटण्यासाठी’ मधला ‘साठी’ पाहून ‘आय केम फॉर मीट हिम’ असे लिहिले जाते, तेथे ‘आय केम टू मीट हिम’ हवे. ‘हॅपी’, ‘रेडी’, ‘ईझी’ अशा विशेषणांनंतरही बहुधा हेच रूप येते. ‘लेट’ आणि ‘मेक’ यांच्यानंतर मात्र ‘टू’ गळतो: ‘लेट हिम गो’, ‘शी मेड मी वेट’. वाक्याचा कर्ताच क्रिया असेल, तर ‘स्विमिंग इज गुड एक्सरसाइज’ असा जेरंड स्वाभाविक वाटतो. ‘टू स्विम’ तेथे चुकीचा नाही, पण जरा ग्रांथिक वाटतो.

एवढे करूनही शंका उरली, तर इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचा शब्दकोश उघडून आधीच्या क्रियापदाची नोंद पाहावी. तेथे ‘डूइंग समथिंग’ किंवा ‘टू डू समथिंग’ असा साचा उदाहरणासह दिलेला असतो. नवे क्रियापद वहीत उतरवताना ते एकटे न लिहिता ‘अव्हॉइड डूइंग’, ‘रिफ्यूज टू डू’ असे जोडीनेच लिहावे.