घास अडकला तर "वर बघ" म्हणत बसू नका

ठसका लागला की आपल्याकडे आधी "कोणीतरी आठवण काढली", मग "वर बघ, वर बघ", मग टाळूवर थापट्या आणि मग पाण्याचा ग्लास. साध्या ठसक्याला चालतं हे सगळं. पण मी पुण्यात १२ वर्षं कॅज्युअल्टीत नर्स आहे, आणि घास खरंच अडकलेल्या माणसाला याच गडबडीत उशिरा आणलेलं मी बघितलंय, म्हणून लिहितेय.

आधी आत काय होतं ते बघू. गळ्यात पुढे श्वासनलिका आणि तिच्यामागे अन्ननलिका. कंठमण्यावर बोट ठेवून आवंढा गिळा, तो वर सरकतो बघा, त्याच क्षणी एपिग्लॉटिस नावाचं झाकण श्वासाच्या वाटेवर आडवं पडतं आणि घास मागच्या नळीत जातो. तोंडात घास असताना जोरात हसलं की हे टायमिंग चुकतं.

माणूस जोरात खोकतोय, बोलतोय, तर त्याला खोकू द्या, खोकल्याइतका चांगला पंप आपल्या हातात नाही. आवाजच येत नाहीये, गळा धरलाय, ओठ निळे पडतायत, तर मात्र लगेच हात घाला आणि दुसऱ्या कुणालातरी १०८ लावायला सांगा. त्याला पुढे वाकवा, एका हाताने छातीला आधार द्या आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने ५ जोरदार फटके द्या, थापट्या नाही, फटके. नाहीच निघालं तर मागे उभं राहून बेंबीच्या जरा वर मूठ ठेवायची, दुसऱ्या हाताने ती धरायची आणि आत-वर असे ५ हिसके. हे हेन्री हाइम्लिख या अमेरिकन डॉक्टरांनी १९७४ साली मांडलं. पोट दाबलं की डायफ्राम, म्हणजे छाती आणि पोटामधला स्नायूचा पडदा, वर ढकलला जातो, फुफ्फुसात उरलेली हवा एकदम सुटते आणि बाटलीचं बूच उडावं तसा घास उडतो. मूठ बरगड्यांवर किंवा छातीच्या हाडाच्या टोकावर नको, आत लिव्हर आहे, आणि हिसके दिले असतील तर घास निघाला तरी डॉक्टरला दाखवायचंच. गरोदर बाईला पोटावर नाही, छातीच्या मध्यावर. ५ फटके, ५ हिसके, निघेपर्यंत.

वर्षाच्या आतल्या बाळाचं पोट अजिबात दाबू नका. हातावर पालथं घ्या, डोकं खाली, पाठीवर ५ फटके, मग उताणं करून छातीच्या मधल्या हाडावर ५ दाब. पाय धरून उलटं लटकवू नका, आणि वस्तू दिसत नसेल तर तोंडात बोट तर मुळीच घालू नका, ती अजून आत जाते.

मोठा माणूस बेशुद्ध पडला तर जमिनीवर आडवा करून सीपीआर सुरू करा, छाती ५-६ सेंटिमीटर खाली जाईल असे ३० दाब, मग तोंडात बघायचं, वस्तू दिसली तरच काढायची, मग २ श्वास.

सिनेमात गळ्याला चाकू लावून पेनची नळी घालतात ना, त्याबद्दल मला नेहमी विचारतात. ती जागा खरी आहे, कंठमण्याच्या खाली बोटाला छोटी खाच लागते, दुसरं काहीच चाललं नाही तर डॉक्टर तिथून वाट करतात. पण आजूबाजूला रक्तवाहिन्या आणि वर स्वरतंतू, त्यामुळे घरी कुणीही हे करायचं नाही.

आता सीताफळ. पावसाळ्यात पुरंदरची सीताफळं मंडईत आली की मला धडकी भरते. माझ्या ३ वर्षांच्या भाच्याला खाताना ठसका लागला, थोड्या वेळाने थांबला, सगळे निर्धास्त. पुढे ४ दिवस बारीक खोकला आणि छातीत शिट्टीसारखा आवाज, दोन ठिकाणी सर्दी म्हणून औषध दिलं. बी उजव्या फुफ्फुसाच्या नळीत होती, ती नळी डावीपेक्षा रुंद आणि जास्त सरळ असते म्हणून वस्तू बहुतेक तिकडेच घसरते. शेवटी भूल देऊन ब्रॉन्कोस्कोपीने, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बीण घालून, काढली. तेव्हा खाताना ठसका लागून गेला असेल तर डॉक्टरला ते आपणहून सांगा, एक्स-रे नॉर्मल आला तरी सांगा, कारण बी किंवा शेंगदाणा एक्स-रेत दिसतोच असं नाही, आणि जे खात होता त्यातलीच एक बी पिशवीत घालून सोबत न्या, कुठला चिमटा लागेल ते त्यांना आधीच ठरवता येतं.