ऊसतोडीची टोळी निघायच्या आधी पोरांच्या शाळेचं एवढं करून ठेवा

आमच्या बीडकडं दसरा झाला की ऊसतोडीला जायची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेल्या घरांची बांधाबांध सुरू होते आणि दिवाळीनंतर माझ्या वर्गातले बाक रिकामे दिसायला लागतात. मी आठवी-नववीला शिकवतो. पोरगं अभ्यासात कच्चं म्हणून शाळा सुटत नाही, घराला कुलूप लागतं म्हणून सुटते, हे दरवर्षी बघतोय.

होता होईल तो पोराला गावातच ठेवा. आईबाप तोडीला गेल्यावर पोरांची गावातच सोय करणाऱ्या हंगामी वसतिगृहाची यादी टोळ्या निघायच्या टायमाला होते, म्हणून हेडमास्तरांना आधीच भेटून नाव सांगून ठेवा. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृहंपण आहेत, चौकशी समाजकल्याण ऑफिसात करा आणि ग्रामसेवकाकडून ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र काढून घ्या.

आजीजवळ ठेवणार असाल तर घरचं काम कोण करणार ते जायच्या आधी ठरवा, हे फार महत्त्वाचं आहे. माझ्या वर्गातली एक मुलगी रोज अकराला यायची, नखात पीठ तसंच. मी उशिरावरून बोललो, मग एकदा घरी गेलो तर कळलं की पाणी, भाकरी, शेळी आणि वर धाकट्या भावाला अंगणवाडीत सोडणं, सगळं तिच्यावरच, आजीला तर गुडघ्यामुळं उठवत नाही. शेजारच्या काकूंनी भावाला सोडायचं कबूल केलं, बाकी काही बदललं नाही, पण पोरगी प्रार्थनेला हजर राहायला लागली.

सोबत न्यावंच लागलं तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड (दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून मिळतं ते) घ्या आणि तिकडं कोपी, म्हणजे राहायची झोपडी, टाकली की पहिल्याच आठवड्यात जवळच्या झेडपी शाळेत जा. 2009 च्या शिक्षण हक्क (आरटीई) कायद्यानं 14 वर्षांपर्यंत दाखला नसला तरी प्रवेश द्यावाच लागतो. दहावीच्या पोराला मात्र नेऊ नका, बोर्डाची परीक्षा ऐन हंगामात येते.

आणि पोरगी मोठी झाली, एकटी कशी ठेवू, ही काळजी खरीच आहे, मी ती खोटी म्हणणार नाही, पण त्यावर लग्न हा उपाय नाही, 18 च्या आत तर गुन्हाच आहे. मामी, चुलती, वसतिगृह, कुणीतरी बघा, आणि 1098 हा पोरांच्या मदतीचा (चाइल्डलाइनचा) नंबर पोरीला पाठ करून द्या.

उचल हातात आली की त्यातून परीक्षा फी, वह्या आणि आजीच्या फोनचा रिचार्ज आधी बाजूला काढा, आणि उसाच्या फडावरून आठवड्यातून एकदा तरी वर्गशिक्षकांना फोन करत जा.