हेल्मेट घेताना आधी टेप काढा

दुकानात जाण्याआधी शिंप्याची टेप घ्या आणि भुवयांच्या बोटभर वरून, कानांच्या वरून, मागच्या उंचवट्यावरून डोक्याचा घेर मोजा. बहुतेक कंपन्यांचा ५८ सेंमी म्हणजे मीडियम, ६० म्हणजे लार्ज. तरी आतलं लेबल वाचाच.

नवं हेल्मेट थोडं घट्टच हवं. गाल दाबले जाऊन तोंड माशासारखं झालं तर बरोबर, कारण आतली गादी वापरून सैलावते. मात्र कपाळावर एकाच जागी टोचत असेल तर तो आकार तुमचा नव्हे. दुकानदार "होईल सैल" म्हणेल, ऐकू नका. दहा मिनिटं डोक्यावर ठेवून दुकानातच उभे राहा.

मग पट्टा लावा, मागची कड धरून हेल्मेट पुढे ढकला. निघून आलं तर परत द्या. डोकं डावी-उजवीकडे हलवल्यावर गालाची कातडी सोबत सरकली पाहिजे.

आयएसआय खूण १ जून २०२१ पासून सक्तीची आहे, रस्त्याकडेला दीडशे-दोनशेला मिळणाऱ्या टोप्या फक्त पोलिसांना दाखवायच्या. आणि चष्मा असेल तर तो घालूनच ट्राय करा, मी विसरलो होतो.