हिरड्यांतून रक्त येतंय? मग या चुका टाळा

माझी आत्या दोन वर्षं रोज सकाळी बेसिनमध्ये गुलाबी थुंकी बघत होती आणि कोणाला बोलली नाही, कारण दुखत काहीच नव्हतं. शेवटी भाकरी खाताना पुढचा दात हलला तेव्हा डॉक्टरकडे नेलं, तर एक्सरेमध्ये दाताखालचं हाड बरंच झिजलेलं. दाढ किडली की रात्रभर झोपू देत नाही, पायोरिया, म्हणजे हिरड्या आणि दाताखालचं हाड खराब करणारा हा आजार, मात्र गुपचूप वाढतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे रक्त येतं म्हणून तिथे ब्रशच लावायचा नाही. अहो, तिथे घाण बसलीय म्हणूनच तर हिरडी सुजून रक्त येतंय, ब्रश टाळला की तो थर काही दिवसांत कडक होतो, त्याचं किटण बनतं आणि मग घरी कितीही घासा, निघत नाही. सॉफ्ट ब्रश घ्या, दात आणि हिरडी मिळतात तिथे तिरका धरा, हलक्या हाताने दोन मिनिटं फिरवा. नुसती सूज असेल तर किटण काढून नीट ब्रश केल्यावर साधारण दोन आठवड्यांत रक्त थांबायला लागतं. पण झिजलेलं हाड आपोआप भरून येत नाही, म्हणून वाट बघू नका.

आत्या म्हणायची, मशेरी लावली की रक्त कमी होतं. खरंच कमी दिसतं! तंबाखूने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात म्हणून, आतला आजार चालूच असतो, उलट जास्त वाढतो.

आणि "क्लिनिंग केलं की दात ढिले होतात" हे तर घरोघरी ऐकायला मिळतं. किटण दातांच्या मधे सिमेंटसारखं अडकलेलं असतं, ते काढल्यावर मूळची फट आणि हलणारा दात दिसतो एवढंच. गार पाणी थोडे दिवस झिणझिणतं, मग कमी होतं.

शुगर असलेल्यांनी तर हे अजिबात अंगावर काढू नका. शुगर वाढलेली असली की हिरड्या लवकर बिघडतात आणि हिरड्यांची सूज शुगर कंट्रोलमध्ये येऊ देत नाही, आत्याचं हेच चाललं होतं, गोळ्या वाढत होत्या आणि तोंडात कोणी बघितलंच नव्हतं. हृदयविकाराशीही या आजाराचा संबंध दिसलाय. गरोदरपणात हार्मोन्समुळे हिरड्या पटकन सुजतात, "आता नको, बाळ झाल्यावर बघू" म्हणू नका, तेव्हाही क्लिनिंग करता येतं.

डेंटिस्टकडे गेलात की दात आणि हिरडीमधली फट किती खोल आहे ते मोजायला सांगा, बारीक खुणांची सळई असते. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक, चार किंवा जास्त आणि रक्तही येत असेल तर नुसत्या वरवरच्या क्लिनिंगवर थांबू नका, हिरडीच्या खालची सफाई लागेल का ते तिथेच विचारा.